पिवळा खडू

हेरवाड्यांची गाडी जयसिंगपूरहून उद्यमनगरात आली
तेव्हा लेथवरचं पोरगं जॉब तसाच सोडून बाहेर धावलं
आणि शिव्या खाऊन आत गेलं.
दोन दारं, दोनच सीटा,
रंग पिवळा, म्हणजे ओरडून सांगणारा पिवळा.
वय चौदा. पळाली एक्केचाळीस हजार.
मागतायत साडेसात लाख.

माझं वय एकोणपन्नास. पळाले किती, मोजलं नाही.
शिरोलीच्या फौंड्रीत क्वालिटी बघते:
तांबडा खडू म्हणजे भंगार, पांढरा म्हणजे पास,
पिवळा म्हणजे थांबा, कुणीतरी परत बघा.
जाते येते स्कूटीवर.
मग हे काय आता डोक्यात?
बहिणीनं विचारलं, शेजारच्या सासनेकाकूंनी विचारलं,
बँकेतल्या पोरीनं फॉर्म हातात धरून विचारलं,
"मॅडम, स्वतःसाठीच ना?"

ब्रेकच्या डिस्कवर टिचकी मारली.
चिरलेलं ओतीव बद्द वाजतं.
हे तसं वाजलं नाही.

दस्तगीर मुजावर खाली सरकला, नुसते पाय बाहेर.
त्या पायांनी सांगितलं,
"इंजान झ्याक हाय, मॅडम. लई झ्याक.
पर क्लच पुण्यास्नं येणार, धा दीस लागणार,
आन् पेट्रोल पितंय म्हशीवाणी.
रोजला न्यायची म्हणता? रोजला?"
मग बाहेर येऊन त्यानं सीटखालचं कार्पेट उचललं
आणि काहीच बोलला नाही.

गाळ.
वाळलेला, मऊ, दळून आणल्यासारखा.
शाहूपुरीत राहणाऱ्याला तो ओळखायला शिकवावं लागत नाही.
एकोणीसच्या पुरानंतर
शिलाई मशीनच्या पायट्यातून, मिक्सरच्या बुडातून,
लग्नाच्या अल्बमच्या पानापानांतून
हाच काढत होते मी दिवाळीपर्यंत.
हेरवाडे म्हणाले, "पाणी नुसतं टेकलं होतं ओ."
आमच्या भिंतीलाही नुसतंच टेकलं होतं,
स्विचबोर्डाच्या वर चार बोटं.

हात आपोआप पर्समधल्या तांबड्या खडूकडं गेला.
भिजलेली वायरिंग, गंजाला लागलेले सांधे,
आणि मालक असं बोलणारा.
कुठलाही इन्स्पेक्टर डोळे मिटून फुली मारेल.
पण घर काही आम्ही विकलं नाही.
ती शिलाई मशीनही तेल घातलं की चालते अजून,
फक्त जाड कापड आलं की कुरकुरते.
म्हटलं, "उद्या सातला कामावर नेतो.
डबा घेऊन, रोजच्यासारखी."
आमच्याकडं बायकाही नेतोच म्हणतात.

गल्लीतल्या स्पीडब्रेकरवरच तिचं पोट घासलं.
दात मी आवळले.
तावडे हॉटेलपाशी उसाच्या जोडट्रॉलीमागं अडकले,
दोनशे घोडे बॉनेटखाली
आणि पुढं एक ट्रॅक्टर, मोठ्यानं गाणी लावून, दहाच्या वेगात.
इतकी खाली बसले होते की ट्रॉलीचा आस,
त्याला गुंडाळलेली काळी चिंधी, थेंब थेंब ग्रीस,
सगळं थेट डोळ्यांसमोर.
इतकी वर्षं याच रस्त्यानं जाते,
हे कधी दिसलं नव्हतं.
मग पंचगंगेच्या पुलावर ट्रॉली डावीकडं सरली.
पुढं मोकळा रस्ता, पाऊण किलोमीटर.
त्या पाऊण किलोमीटरबद्दल मी कुणाला काही सांगणार नाही.

गेटवर वॉचमननं कडक सलाम ठोकला,
मला ओळखल्यावर ओशाळून हसला.
उतरताना दार धरावं लागलं, उजवा गुडघा.
डबा उलटला होता, आमटी सगळी मॅटवर.
तिथंच उभी राहून फोन लावला:
"पाच लाख चाळीस. गाळ मी काढतो."
पलीकडं बराच वेळ नुसती तंबाखूची वखार,
हमालांच्या हाका, काट्यावर आदळणारी गठडी.
खिशात पिवळा खडू बोटांना लागत होता.
त्या रंगावर तो उमटलाही नसता म्हणा.
"विचार करतो," हेरवाडे म्हणाले.
करा.
आमटीचा डाग तेवढा निघेलसं वाटत नाही.